मॅनेजरची पदवी, काउंटरची नोकरी

मागच्या आठवड्यात शाळा सुटली तेव्हा एक गृहस्थ गेटवर थांबले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत गुळगुळीत कागदाचं रंगीत माहितीपत्रक. कूलरचं काम करतात. नागपूरच्या उन्हाळ्यात चार-पाच महिने जे मिळतं, त्यावर उरलेलं वर्ष निघतं. त्यांची थोरली मुलगी माझ्याकडे आठवी ते दहावी मराठी शिकली, आता बी.कॉम. झाली. म्हणाले, "सर, बच्ची को हॉस्पिटल मैनेजमेंट करवाना है. दो साल का कोर्स है, साडेपाच लाख फीस. आप बोलो तो कल टोकन भर देता."

"आप बोलो तो" हे शब्द घेऊन मी घरी आलो. एखाद्याच्या आयुष्यभराच्या बचतीचा निर्णय आपल्या एका होकारावर लटकलेला असणं ही काही सुखाची गोष्ट नाही. शिवाय या प्रश्नावर मी आधी एकदा होकार दिलेला आहे, आणि त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी वाईट नाही. पण आपल्याकडे ती चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या भावात विकली जाते. आणि या विक्रीत कॉलेजवाल्यांइतकाच आपल्या घरांचा, आपल्या जमातीच्या कमिट्यांचा आणि माझ्यासारख्या मास्तरांचा हात आहे.

मी होकार दिला होता ती मुलगीही बी.कॉम.च होती. हुशार, बोलण्यात धीट, मराठी-उर्दू-हिंदी तिन्ही स्वच्छ. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात दोन वर्षांचा एमबीए, विषय हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन. तिच्या अब्बांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, दवाखाने वाढतायत, नोकरी मिळेल, पाठवा. मी तेवढंच पाहिलं. हिशेब मांडला नाही.

तो हिशेब आता मांडतो. फी वर्षाला अडीच लाख, म्हणजे पाच लाख. पुण्यात राहणं-खाणं महिन्याला बारा हजार धरलं तर बावीस महिन्यांचे दोन लाख चौसष्ट हजार. लॅपटॉप, डिपॉझिट, येणं-जाणं, प्रेझेंटेशनसाठी लागणारे कपडे. आठ लाखांत प्रकरण बसलं. त्यातले पाच लाख बँकेचं शैक्षणिक कर्ज, साडेदहा टक्क्यांनी. उरलेल्यासाठी अम्मीच्या बांगड्या गेल्या आणि चाचांकडून उसने घेतले. शिक्षण चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, ही गोष्ट बँकेने गोड आवाजात सांगितली होती. त्या काळातही व्याज चढत असतं, हे तितक्याच गोड आवाजात कोणी सांगितलं नाही. हप्ता सुरू होईपर्यंत पाच लाखांचे सव्वासहा लाखांच्या वर झाले होते. सात वर्षांची मुदत धरली तर हप्ता येतो दहा हजार सहाशे. म्हणजे सात वर्षांत बँकेला जाणार जवळपास आठ लाख नव्वद हजार, आणि घेतले होते पाच.

नोकरी पाच महिन्यांनी लागली. नागपुरातच, एका खासगी दवाखान्यात. पद मोठं आहे, ‘एक्झिक्युटिव्ह, इन्शुरन्स ऑपरेशन्स’. सुरुवात सोळा हजारांवर. पहिला हप्ता आला तेव्हा पगार साडेसतरा झाला होता, पीएफ कापून हातात सोळा. त्यातून दहा हजार सहाशे गेले की राहतात पाच हजार चारशे. स्कूटीचं पेट्रोल आणि मोबाईल धरला तर अम्मीच्या बांगड्या परत यायला किती वर्षं लागतील याचं गणित मी तिला घातलेलं नाही. ती स्वतः घालत असेल.

पण मला खरी टोचणी पगाराची नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिचीच बी.कॉम.ची वर्गमैत्रीण बसते. ती पुण्याला गेली नाही. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात नऊ हजारांवर बिलिंगला लागली होती. तीन वर्षांत काम शिकली, पगार वाढला, आणि आज एमबीए झालेल्या माझ्या विद्यार्थिनीची ती सीनियर आहे. आठ लाख आणि दोन वर्षं खर्चून एक मुलगी जिथे पोचली, तिथे दुसरी काही न खर्चता तीन वर्षं आधीच बसलेली होती.

आता ही खुर्ची कसली आहे तेही पाहू. माहितीपत्रकावर काचेची केबिन आणि ब्लेझर घातलेली मुलगी असते. प्रत्यक्षात टीपीए डेस्क असतो. पेशंट भरती झाला की विमा कंपनीकडे कॅशलेसची मंजुरी मागायची, डॉक्टरांच्या मागे लागून फॉर्म पूर्ण करून घ्यायचा, कंपनीकडून शंका आली की जुने रिपोर्ट धुंडाळायचे, खर्च वाढला की वाढीव रक्कम मागायची. डिस्चार्जच्या दिवशी खालून पेशंटचे नातेवाईक ओरडतात आणि वरून साहेब. २०२४ मध्ये विमा नियामकाने नियम केला की कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत झाली पाहिजे. पेशंटसाठी नियम फार चांगला आहे. पण तो पाळला जातो या मुलींच्या घड्याळावर. दुसरा काउंटर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा, तिथे रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून गोंदियाहून आलेला म्हातारा रडकुंडीला आलेला असतो. तिसरा रेकॉर्ड रूमचा. काम कष्टाचं आहे, गरजेचं आहे, इज्जतीचं आहे. मला त्याला कमी लेखायचं नाही. पण हे काम पदवीधर माणूस सहा महिन्यांत कामावरच शिकतो. त्यासाठी आठ लाखांचं तिकीट का?

उत्तर मिळतं की हा पहिला पायंडा आहे, पुढे ती मॅनेजर होईल, मग डायरेक्टर. इथेच खरी फसगत आहे.

नागपूरच्या एखाद्या मोठ्या दवाखान्याच्या प्रशासनात वर कोण बसलंय ते पाहा. मेडिकल सुपरिंटेंडेंट डॉक्टर असतो. मेडिकल डायरेक्टर डॉक्टर असतो. फुले योजनेत दवाखान्याने नेमायचा वैद्यकीय समन्वयकही डॉक्टरच लागतो. सरकारी दवाखान्यात तर विचारायलाच नको, मेयो असो की मेडिकल, अधीक्षकाची खुर्ची डॉक्टरची. दिल्लीच्या एम्समध्ये हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं जे नावाजलेलं पदव्युत्तर शिक्षण आहे, ते एमबीबीएस झालेल्यांसाठी आहे. आणि ज्या मधल्या जागा डॉक्टर नसलेल्याला मिळू शकतात, ऑपरेशन्स मॅनेजर, क्वालिटी मॅनेजर, तिथे आता बीडीएस, बीएचएमएस, बीएएमएस झालेली मुलं याच पदव्या घेऊन उभी आहेत. त्यांच्या प्रॅक्टिसचं जमत नाही म्हणून ती इकडे वळतात. मालकाला बी.कॉम. अधिक एमबीए आणि बीडीएस अधिक एमबीए यांतला एक निवडायचा असेल तर तो कोणाला घेईल? वॉर्डात जाऊन डॉक्टरशी डॉक्टरच्या भाषेत बोलू शकणाऱ्याला.

म्हणजे कागद एकच, पण डॉक्टरच्या हातात तो शिडी असतो आणि आमच्या बी.कॉम.च्या पोरीच्या हातात पावती. हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट. नर्सला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, औषध विकायला फार्मसी कौन्सिलची. नोंदणी नसेल तर कायद्याने ते काम करता येत नाही, म्हणून ज्याच्याकडे ती आहे त्याला भाव आहे. २०२१ मध्ये संसदेने फिजिओथेरपी, लॅब, रेडिओलॉजी, अगदी वैद्यकीय नोंदी सांभाळणाऱ्यांसाठीही राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्या यादीत हॉस्पिटल मॅनेजर नाही. या पदवीशिवाय अमुक काम करता येणार नाही असं एकही काम या देशात नाही. मालक उद्या हॉटेल मॅनेजमेंटवाल्याला आणून तुमच्या डोक्यावर बसवू शकतो, आणि बसवतोही.

मग हे ज्ञानच निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. माझा राग नेमका त्यामुळेच आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री आपल्या शेजारच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रुग्ण दगावले, आणि औषधं किती होती, माणसं किती होती यावर महाराष्ट्र महिनाभर भांडत बसला. फायर ऑडिट कोणी पाहायचं, वायरिंग कोणी बदलून घ्यायचं, औषधाचा साठा संपण्याच्या किती दिवस आधी मागणी गेली पाहिजे, रात्रपाळीला किती नर्सेस हव्यात, हेच तर हॉस्पिटलचं प्रशासन. ते जीवनमरणाचं शास्त्र आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, जयपूरच्या आयआयएचएमआरमध्ये ते त्या गांभीर्याने शिकवलं जातं, आणि तिथून निघालेली मुलं चांगली कामं करतात. ज्याला तिथे प्रवेश मिळत असेल त्याला मी स्वतः स्टेशनवर सोडायला जाईन. पण या शास्त्राचं नाव लावून, कधी दवाखाना न चालवलेल्या प्राध्यापकांकडून, पॉवर पॉइंटवर दोन वर्षं मार्केटिंगची व्याख्यानं ऐकवायची आणि त्याला ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ म्हणायचं, हा त्या दहा बाळांचाही अपमान आहे.

हा सिनेमा मी पाहिलेला आहे, म्हणून जरा जास्त बोलतो. मी बी.एड. केलं तेव्हा विदर्भात बी.एड., डी.एड.ची कॉलेजं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली होती. एकदा पोरगं बी.एड. झालं की मास्तर होणारच, असा आमच्या वडिलांचा विश्वास होता. मला जागा मिळाली, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली आणि मग कायम झालो. ते नशीब होतं. माझ्या तुकडीतले कितीतरी आज मोबाईल रिचार्जच्या दुकानात आहेत, एक तर कामठी रोडवर ऑटो चालवतो. २०१२ नंतर भरती थांबली, मग टीईटी आली, मग पवित्र पोर्टल आलं. कॉलेजं मात्र तोवर पैसे घेऊन मोकळी झाली होती आणि पुढे विद्यार्थी मिळेनात तशी बंद पडली. पदवी विकणाऱ्याचं काहीच बुडत नाही, बुडतं ते विकत घेणाऱ्याचं. आज हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या नावाने तेच दुकान नव्या रंगात उघडलं आहे असं मला दिसतं, तर मी गप्प कसा बसू? माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वेळी मी गप्प नव्हतो, उलट शिफारस केली होती. ती चूक एकदा पुरे.

आता थोडं आपल्या घरात बघू. कूलरवाल्या भाईंना मी विचारलं, मुलीला दवाखान्यातच काम करायचं असेल तर नर्सिंगचा विचार केलात का? त्यांचा चेहरा बदलला. "नहीं सर, नर्स नहीं. नाइट ड्युटी, मर्दों को हाथ लगाना. फिर रिश्ता कौन देगा?" हे ते एकटे म्हणत नाहीत, मोहल्ला म्हणतो. मॅनेजमेंट म्हणजे एसीतली, टेबलावरची, रिश्त्यात सांगता येणारी नोकरी. आम्ही आठ लाख मोजतो ते शिक्षणासाठी नव्हे, या सांगता येण्यासाठी मोजतो.

इस्लामच्या इतिहासात पैगंबरांच्या काळात मशिदीच्या आवारात तंबू ठोकून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया होऊन गेल्या. जुम्म्याच्या बयानात त्यांचं नाव कधीमधी येतं, आपण मान डोलावतो, आणि घरी येऊन मुलीला सांगतो की नर्स नको. अम्मी मेयोत भरती असते तेव्हा मात्र आपल्याला रात्री तीन वाजता नर्सच हवी असते. तीही केरळची किंवा गडचिरोलीची असलेली चालते, आपली नको.

जरा आकडे बघा. जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींनाही रस्ता बंद नाही. नोंदणी मिळाली की ती देशभर चालते. मिहानमधल्या आपल्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर देशपातळीवरच्या परीक्षेतून भरले जातात आणि त्या पदाचा सातव्या वेतन आयोगातला मूळ पगारच ४४,९०० आहे, भत्ते वेगळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेस आहेत, हॉस्पिटल मॅनेजर नाहीत. मी असं म्हणत नाही की खासगी दवाखान्यातल्या नर्सचं आयुष्य सुखाचं आहे. नागपुरातच त्यांना किती कमी पगारावर राबवतात ते मला माहीत आहे. पण तिच्या हातात नोंदणी आहे, ती उद्या दुसरं दार ठोठावू शकते. आणि दहा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या नर्सने प्रशासनाची पदवी घेतली तर तिच्यासाठी तो कागद खरोखर शिडी होतो.

जमातीच्या शिष्यवृत्ती कमिट्यांबद्दलही बोललं पाहिजे. मीही एका कमिटीत आहे, त्यामुळे हे स्वतःलाही लागू. अर्ज येतात तेव्हा ‘एमबीए’ दिसलं की हात पटकन वर जातात, कारण सत्काराच्या फ्लेक्सवर ते नाव शोभतं. जीएनएमच्या किंवा डीएमएलटीच्या अर्जावर कोणी फार बोलत नाही. आणि एकाही कमिटीत मी कधी असा प्रश्न ऐकलेला नाही की गेल्या पाच वर्षांत आपण ज्यांना पैसे दिले त्यांना आज पगार काय आहे. जकातीचा पैसा आहे, लोकांनी रमजानात विश्वासाने दिलेला. तो कॉलेजच्या फीखात्यात गेला की आपलं काम झालं?

व्याजाचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो आपल्या घरांत दर वेळी निघतो. मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण मी दोन प्रकारची घरं पाहतो. एक व्याज नको म्हणून सोनं विकतं, प्लॉट विकतं, भावाकडून उसने घेतं. दुसरं मनात खंत ठेवून बँकेचं कर्ज घेतं. दोन्ही घरं एकच प्रश्न विचारायला विसरतात, की ही वस्तू या भावाची आहे का. पैसा हलाल असला म्हणून सौदा शहाणपणाचा होत नाही. आपल्या व्यापारी आजोबांनी मालाची खोट सांगितल्याशिवाय माल विकणं पाप मानलं होतं. कॉलेजला तोच नियम लावा. खोट विचारा.

माझ्या एका सहकाऱ्याने हे ऐकल्यावर म्हटलं, "सर, आधीच आपली पोरं पदवीपर्यंत पोचत नाहीत. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी-पदविकाधारक चार टक्केही नाहीत. आणि तुम्ही शिकणाऱ्यालाच मागे खेचताय." हा आक्षेप मला झोंबला, कारण तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा असा की ज्या समाजात शिकलेले कमी आहेत, तिथे शिकून फसलेला एक मुलगा दहा घरांना शिक्षणापासून तोडतो. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या गल्लीत आज लोक काय म्हणतात ते मी ऐकलंय. "उसने एमबीए करके क्या उखाड़ लिया, अपनी को बारहवीं के बाद निकाह कर दो." आठ लाखांच्या एका फसलेल्या सौद्याने तिच्या गल्लीतल्या धाकट्या मुलींची कॉलेजची वाट अरुंद केली. म्हणून हिशेब विचारणं म्हणजे मागे खेचणं नव्हे.

मग काय करावं? मला विचाराल तर आधी काम, मग पदवी. नागपूर हे दवाखान्यांचं शहर आहे. धंतोली आणि रामदासपेठेत एका रस्त्यावर मोजता येणार नाहीत इतके दवाखाने. जामठ्याला कॅन्सरचं मोठं रुग्णालय. मानकापूरचं अलेक्सिस २०२४ मध्ये मॅक्सने घेतलं, म्हणजे बाहेरच्या साखळ्यांनाही इथे धंदा दिसतोय. बालाघाट, छिंदवाडा, शिवनी, आदिलाबादहून पेशंट इथे येतात. अशा शहरात बी.कॉम. झालेल्या, तीन भाषा बोलणाऱ्या मुलीने बिलिंगला किंवा विमा डेस्कला दोन वर्षं काढावीत. दोन वर्षांत तिला कळेल की हे काम आपल्याला झेपतं का, आवडतं का, आणि पुढच्या खुर्चीसाठी नेमकं काय शिकायला लागतं. कदाचित पदवी लागेल. कदाचित एनएबीएचच्या मानकांचं प्रशिक्षण पुरेल, किंवा मेडिकल कोडिंगची परीक्षा. पदवी हवीच असेल तर नोकरी सांभाळून इग्नूचा हेल्थकेअर आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटचा एमबीए आहे, खासगी विद्यापीठाच्या एका सत्राच्या फीपेक्षाही कमी पैशांत तो सगळा होतो. लोक म्हणतील, डिस्टन्सला भाव नसतो. दोन वर्षांच्या अनुभवाशिवायच्या रेग्युलरला कुठे असतो?

आणि रेग्युलरच करायचं असेल तर आपल्या मुलींसाठी एक दार उघडं आहे, ज्याच्याबद्दल मोहल्ल्यात कोणी बोलत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश सीईटी देऊन सरकारी केंद्रीभूत फेरीतून झाला पाहिजे. खासगी आणि अभिमत विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. आता पाहा, ज्यांचे एजंट आपल्या घरी येतात, ज्यांचे फ्लेक्स सेंट्रल ॲव्हेन्यूवर लागतात, ते बहुतेक याच वगळलेल्यांतले. कारण उघड आहे. सीईटीतून मुलगी माफीवर गेली तर एजंटाला कमिशन कुठून मिळणार?

आणि आपल्यातले मोमीन, कुरेशी, पिंजारी, बागवान ओबीसीत येतात. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस तिच्यासाठी गावोगाव फिरला, ते कशासाठी? त्या दाखल्यांवर आज धूळ बसली आहे. जे ओबीसीत येत नाहीत ते सय्यद, पठाण, शेख ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतात, पण ‘आपल्याला आरक्षण नाही’ एवढंच पाठ असल्यामुळे तहसील कार्यालयाची पायरी कोणी चढत नाही.

एवढं करूनही कोणाला खासगी विद्यापीठातच जायचं असेल तर जा, पण टोकन भरण्याआधी समोरच्या मॅडमना चार गोष्टी विचारा. मागच्या तुकडीतल्या डॉक्टर नसलेल्या मुलांचा पगार काय, सरासरी नको, सगळ्यात कमी कोणाला मिळाला ते सांगा. त्यातले आज त्याच नोकरीत किती आहेत. शिकवणाऱ्यांपैकी दवाखाना चालवलेले किती. इंटर्नशिप कोणत्या दवाखान्यात आणि तिथे मुलांना रिसेप्शनवर बसवतात की क्वालिटी आणि स्टोअरमध्येही फिरवतात. कर्ज घेणार असाल तर केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतल्या संस्थांत तुमचं नाव आहे का, हेही विचारा. उत्तरं तोंडी घेऊ नका, मागच्या वर्षीच्या दोन मुलांचे फोन नंबर मागा. नंबर देत नसतील तर तेच उत्तर समजा. आणि माझा स्वतःचा एक गावठी नियम आहे. पहिल्या वर्षात जेवढा पगार मिळण्याची खात्री आहे, त्याच्यापेक्षा सगळा खर्च मिळून जास्त होत असेल तर मी हो म्हणत नाही. सोळा हजारांच्या हिशेबाने ते एक लाख ब्याण्णव हजार होतात.

कूलरवाल्या भाईंना मी टोकन भरू नका म्हणालो. ते नाराज झाले. मुलगी जास्त नाराज झाली असं कळलं, तिच्या दोन मैत्रिणी त्याच कॉलेजला चालल्या आहेत. दोन दिवसांनी ते पुन्हा आले, या वेळी मुलीला घेऊन. तिने मला सरळ विचारलं, "सर, तुम्ही त्या ताईला हो म्हणालात, मला का नाही?" मी तिला त्या ताईचा नंबर दिला, ताईला विचारूनच. दोघी तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

सध्या सीईटीचं ठरतंय, आणि तोवर एका बिलिंग काउंटरवर मुलाखत. अडलंय ते जातीच्या दाखल्यावर. घर मोमीन आहे, पण ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं आहे. आजोबा हंसापुरीतल्या एका प्राथमिक शाळेत दोन वर्षं गेले होते असं आजी सांगते. येत्या शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी आणि भाई त्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर पाहायला जाणार आहोत.